घोडी थांबली नाही

"घाबरू नका हो ताई," घोडेस्वारी शिकवणारे मास्तर म्हणाले होते. "पाठीवरून कुणी पडलंच, तर आमची घोडी जागीच थांबते. तशी सवयच लावलीय तिला."

रिंगणाच्या वळणावर माझी लेक ठकी पडली. मी कुंपणाखालून वाकून आत धावले आणि तिला उचलून छातीशी धरलं. रक्त नव्हतं, साधं खरचटलंही नव्हतं. पण ती रडेना, बोलेना.

घोडी मात्र रिंगणात दुडक्या चालीनं फिरतच होती. मास्तर दोरी ओढत ओरडले, "अगं थांब, पडली ना ती!"

रिकाम्या खोगिराच्या दोन्ही रिकिबी ताणलेल्या होत्या, कुणी पाय रोवून बसल्यासारख्या.

मी ठकीला आणखी घट्ट कवटाळलं.

"आई," घोडीच्या पाठीवरून ठकीचा रडवेला आवाज आला, "मी इकडे आहे गं. तू कुणाला उचललंस?"