दाराचं तोंड

गवंडी भिंतीवर उभा होता, तेव्हा वरच्या वस्तीची माणसं दोर घेऊन आली. वीस-बावीस जण, पुढं लाकूडतोड्या. लाकूडतोड्यानं सरळ दाराच्या चौकटीला दोर टाकला आणि गाठ आवळली.

"अरे, ओलं आहे ते! अजून धरलं नाही!" गवंडी वरून ओरडला.

"म्हणूनच आलोय," लाकूडतोड्या म्हणाला. "दाराचं तोंड आमच्याकडं पाहिजे. आमच्या पोरांनी काय चोरासारखं मागून यायचं?"

एवढ्यात खालच्या वस्तीचेही धावत आले. त्यांच्यात खेचरवाला सगळ्यांत पुढं. "सिमेंट आमच्या खेचरांनी वाहिलं. दोन खेचरं दरीत गेली माझी. दार आहे तिथंच राहील."

शाळा खिंडीत बांधायची, हे ठरायलाच वर्ष गेलं होतं. वर चाळीस घरं, खाली पन्नास, आणि सगळ्या डोंगरात शाळा ही एकच.

"दोन दारं काढतो," गवंडी म्हणाला. "एक इकडं, एक तिकडं. माझं काय जातंय?"

"नाही!" दोन्हीकडून एकदम आलं. इतक्या दिवसांत दोन्ही वस्त्यांचं एकमत झालं, ते एवढ्याच गोष्टीवर.

मग दगड सुटला. कुणी मारला कळलं नाही, पण एका म्हाताऱ्याचे पुढचे दात त्याच्याच तळहातावर पडले. भिंतीसाठी घडवून रचलेला ढीग शेजारीच होता, हाताला अगदी आयता. धुरळ्यात फावडी फिरू लागली. एकानं दुसऱ्याचं तोंड कालवलेल्या सिमेंटच्या घमेल्यात दाबून धरलं. तो पाय झाडत होता, हा त्याच्या मानेवर गुडघा रोवून शिव्या देत होता.

गवंडी खाली उतरला. त्याला भांडण सोडवायचं नव्हतं, चौकट वाचवायची होती. चार दिवस ओळंबा धरून त्यानं ती सुतात बसवली होती. लाकूडतोड्यानं भिंतीला पाय लावला आणि दोराला हिसका दिला. चौकट करकरली, कलली आणि हातभर भिंत घेऊन खाली आली.

गवंड्याचं डोकं फिरलं. हातोडा हातातच होता. कानामागं एकच घाव. पोकळ दगडावर मारल्यावर येतो, तसा आवाज आला. लाकूडतोड्या आधी दमल्यासारखा खाली बसला, मग आडवा झाला.

"मारला! खालच्यांनी मारला!" धुरळ्यात वरच्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

गवंड्यानं तोंड उघडलं. तो सांगणार होता. पण तोवर वरचे खेचरवाल्यावर तुटून पडले. चौघांनी त्याला पालथा दाबला, पाचव्यानं कुऱ्हाड उचलली. उजवा हात कोपरापासून वेगळा झाला, आणि खेचरवाला असा ओरडला की दरीतून तो आवाज दोनदा परत आला.

त्यानंतर गवंड्याला बोलायचा धीरच झाला नाही.

तीन दिवस डोंगर पेटला होता. गोठे जळले, जनावरांच्या पायांच्या शिरा कापल्या गेल्या, एक म्हातारी धुरात गुदमरून गेली. गवंडी आपल्या पालात बसून हातोडा धूत होता. वाळला की पुन्हा धूत होता.

चौथ्या दिवशी दोन्हीकडचे म्हातारे पडक्या भिंतीवर येऊन बसले. ठरलं असं: दाराचं तोंड वरच्यांकडं आणि दारावरच्या दगडात मेलेल्याचं नाव. खालच्यांनी मान खाली घालून कबूल केलं. आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातून झालं, असं त्यांनाही वाटत होतं.

"कोरायचं तुम्हीच," एक म्हातारा गवंड्याला म्हणाला. "अक्षर ओळखणारे इथं तुम्ही एकटे."

दोन दिवस छिन्नी चालली. वर मोठ्या अक्षरात त्यानं लाकूडतोड्याचं नाव कोरलं. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ: ह्याला गवंड्यानं मारलं.

दगड चढवायच्या दिवशी लाकूडतोड्याची बायको आली. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. बाई दगडापाशी बसली आणि खाचांमधून बोट फिरवत राहिली. मग थबकली.

"नाव तर एवढंसंच होतं त्यांचं. ही खालची ओळ कसली?"

गवंडी दगडावरची पूड पुसू लागला. "ती... पोरगी वाचायला शिकली की सांगेल तुम्हाला."

"किती दिवस लागतात शिकायला?"

"हुशार असली तर वर्षभर."

बाईनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हुशार आहे," ती म्हणाली. "बापावर गेलीय."