एक ते अडीच

गुरुवारीही एक वाजला आणि हट्टा गावच्या पाळणाघरातलं एकही लेकरू झोपेना.

बारा लेकरं सतरंजीवर ओळीनं निजवलेली आणि बाराच्या बारा टकाटका पंख्याकडे बघत होती. सुकन्याताई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होती. ते तिनंच लिहिलं होतं. नऊला लेकरं येणार, दहाला खिचडी, मग गाणी, बाराला वरणभात, एक ते अडीच झोप. वरणभातापर्यंत सगळं बराबर चालायचं. झोपेशी आलं की गाडी अडायची. सोमवारपासून हेच. आणि उद्या हिंगोलीहून मोठ्या बाई बघायला येणार होत्या. वेळापत्रकाप्रमाणं खोली चालली तर ठीक, नाही तर खोलीला कुलूप लागणार. मग लेकरं परत आयांबरोबर हळद शिजवायच्या कामावर, उकळत्या कढयांच्या बाजूला.

धुरपताबाईला कढई म्हटलं की नात दिसायची. मागच्या हंगामात पुजाच्या पायावर कढत पाणी उडालं होतं. डाग अजून होता. म्हणून तर घरच्या बकऱ्या सुनेच्या गळ्यात टाकून ती या खोलीत मदतनीस म्हणून आली होती. चाळीस वर्षं बकऱ्यांमागं काढलेली बाई. तिनं बांधावरून हाळी दिली की नाल्यापल्याडची बकरी कान टवकारायची, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. घरी पहाटेपासून तो आवाज घुमायचा. बकऱ्या वाड्यातून बाहेर पडल्या की मगच घर शांत व्हायचं.

लेकरं का झोपत नाहीत याचा शोध तिनं सोमवारीच सुरू केला होता. पहिला गुन्हेगार वरण निघालं. पाण्यासारखं वरण पोटात थांबत नाही, मग डोळा कसा लागणार, असं तिनं सुकन्याला ऐकवलं. मंगळवारी दोष आयांचा होता, त्यांनी लेकरांना मोबाइल दाखवून वाया घालवलं होतं. काल तिनं खिडकीला वाकळ टांगली. अंधार झाला, दोन लेकरांच्या पापण्या मिटल्यासुद्धा. तेवढ्यात दारात कुत्रं आलं. धुरपताबाईनं त्याला असं काही हाकललं, की ते थेट पारापर्यंत पळालं आणि दोन्ही लेकरं उठून बसली.

सुकन्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय म्हणायचंय ते म्हण की."

"काही नाही, मावशी."

आज धुरपताबाईनं गल्लीच हातात घेतली. जीपवाला हॉर्न वाजवत आला, त्याला तिनं त्याच्या बापाच्या नावानं ओळखून गप्प केलं. भंगारवाल्याचा भोंगा बंद झाला. समोरची नर्मदाबाई धुणं आपटत होती, तिला विचारलं, की कपडे धुऊन राहिली का नवऱ्यावरचा राग काढून राहिली. नर्मदाबाई हसली आणि बादली उचलून आत गेली. संतराम दुकानदारानं आपणहून रेडिओ बारीक केला.

सव्वा वाजता सगळी गल्ली चिडीचूप झाली. आवाज एकच उरला. तो दारात उभा राहून सांगत होता, की बघा, आता लेकरं कशी झोपतात, अशी शांतता कुणाला जमली नसती.

मागून तिचा पदर कुणी तरी ओढला. पुजा होती. अंगठा तोंडात, डोळे झोपेनं जड झालेले. तिनं वर हात केले. धुरपताबाईनं कडेवर घेतलं तसा पोरीनं तोंडातला ओला अंगठा काढला आणि तो हात आजीच्या तोंडावर ठेवला.

"आज्जी, बकऱ्या गेल्या."

सुकन्या घाईघाईनं खाली वाकून सतरंजीचं टोक सरळ करू लागली. ते सरळच होतं.

धुरपताबाईच्या कपाळाची शीर उठली. दुसरं कुणी असतं तर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. पण हात दीड वितीचाही नव्हता, आणि तो तोंडावरून हलेना. ती तशीच उंबऱ्याशी खाली बसली. पदराचं टोक दातात धरलं.

पुजा मांडीवरच झोपली. मग कडेचं एक. मग मधली तीन एकदम. पावणेदोनला खोलीत पंख्याचाच आवाज राहिला. धुरपताबाईनं बोटांवर मोजलं, बारा भरले. त्यानंतरच्या पाऊण तासात तिला बोलण्यासारख्या निदान वीस गोष्टी सुचल्या. नर्मदाबाईची बादली परत खळखळली तेव्हा तर शब्द ओठांपर्यंत आला. तिनं पदर आणखी घट्ट चावला.

अडीचला लेकरं आपापली उठली, हसत. सुकन्या मोठ्या बाईंसाठी नवा कोरा कागद घेऊन बसली. धुरपताबाईनं पदर झटकला आणि घसा साफ केला.

"जे खरं हाय ते लिही. मोठ्या बाईला कळू दे, लेकरं कुणामुळं झोपतात ते."

सुकन्यानं जरा विचार केला. लिहिलं. मग वर न बघता वाचून दाखवलं. "एक ते अडीच, लेकरांची झोप. त्या वेळात धुरपतामावशी गप्प."

धुरपताबाई कागदाजवळ आली. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण ठळक अक्षर तिला लागायचं. तिनं आपल्या नावाखाली बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"बराबर हाय," ती म्हणाली. "फकत दुसरी ओळ बारीक अक्षरात लिही."