बंपर आणि भिंतीच्या मध्ये

“बाजूला हो,” सासरे म्हणाले.

ती हलली नाही. पुढे गाडीचा बंपर, पाठीशी दुकानाची भिंत, मध्ये जेमतेम दोन हात जागा, आणि तिथं ती उभी होती. दुकानाचा नियमच तसा होता. गाडीत अलार्म आणि रिमोट स्टार्टर बसवून झाला की गाडी भिंतीकडे तोंड करून लावायची. पहिल्या गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक सोडायचा, आणि ज्यानं वायरी जोडल्या त्यानं पुढे उभं राहायचं. मग दुसऱ्यानं रिमोट दाबायचा. काम चोख असेल तर गिअरमध्ये असलेली गाडी हूं की चूं करत नाही. काम कच्चं असेल तर ती सुरू होते आणि उडी मारते. शहाण्या माणसानं घेऊ नये अशी ही परीक्षा. पण सासऱ्यांनी शहाणपणाचा दावा कधी केलाच नव्हता.

हा नियम त्यांच्या उजव्या गुडघ्यातून निघाला होता. बारा वर्षांपूर्वी एका कारागिराला गिअरची वायर शोधायचा कंटाळा आला. त्यानं ती सरळ गाडीच्या पत्र्याला जोडली आणि हात झटकले. बिचाऱ्या गाडीला वाटलं, आपण न्यूट्रलमध्येच आहोत. सासरे नेमके पुढून चालले होते. भिंतीला पडलेला खड्डा त्यांनी कधी बुजवला नाही, आणि लंगडणंही गेलं नाही. त्याच दिवशी त्यांनी शपथ घेतली : यापुढे दुसऱ्याच्या वायरिंगसमोर उभं राहायचं नाही. सख्ख्या भावाचं असलं तरी नाही.

गेल्या वर्षापासून त्यांचे हात कापू लागले. कपातला चहा ओठांपर्यंत निम्मा पोचे. मग बारीक वायरीचं तर बोलायलाच नको. मुलाला वायर दिसली की जांभई येई. शेवटी सासऱ्यांनी खड्ड्याच्या बरोबर वर दोन स्क्रूंनी पाटी ठोकली : ‘दुकान विकणे आहे’.

पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसून वायरींचे जोड सोल्डर करणारी सून त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, “बाबा, एक गाडी माझ्या हातून होऊ द्या. चुकली तर शटर मीच ओढीन.”

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी एक किल्ली तिच्यापुढे सरकवली.

गाडी दाताच्या डॉक्टरांची होती. दोनदा काच फोडून चोरी झालेली, आणि दिवसभर उन्हात उभी राहून भट्टी होणारी. दवाखान्यातून उतरायच्या आधीच एसी सुरू व्हावा, एवढीच त्यांची मागणी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणारा हा माणूस, पण स्वतःच्या गाडीत दुसऱ्याचा हात पडल्यावर कासावीस झाला. “काम मास्तरच करणार ना?” हे त्यांनी तीनदा विचारलं. तीनही वेळा सासऱ्यांना नेमका खोकला आला.

सकाळपासून ती स्टिअरिंगखाली उताणी पडून होती. प्रत्येक वायर तिनं मोजून कापली, प्रत्येक जोड ओढून पाहिला. गिअरची वायर तर तीनदा तपासली. न्यूट्रलमधली चाचणी झकास झाली. रस्त्यापलीकडून रिमोट दाबला, इंजिन सुरू झालं, एसी वाहू लागला. दाराला धक्का देताच सायरननं गल्ली डोक्यावर घेतली. डॉक्टर खूश.

राहिली होती ती ही शेवटची परीक्षा. आणि सासरे म्हणत होते, बाजूला हो.

म्हणजे विश्वास नाहीच. “बाबा, वायरी मी जोडल्यात. नियम तुमचाच आहे.”

“माझा आहे ना? मग मोडायचा हक्कही माझाच. चल, सरक. रिमोट तू दाब.”

आणि ते लंगडत बंपर आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

स्वतःचा गुडघा पणाला लावणं तिला सोपं होतं. तिनं डॉक्टरांच्या हातून रिमोट घेतला. डोळे मिटून एकेक जोड आठवला. दार. हँडब्रेक. गिअर. मग देवाचं नाव न घेता, आपल्याच हातांवर भरवसा ठेवून, तिनं बटण दाबलं.

दिवे दोनदा लुकलुकले. बस्स.

तिनं पुन्हा दाबलं. मग पुन्हा, आणि डोळे उघडून पुन्हा. गाडी ढिम्म.

“अहो, सुरूच होत नाही!” डॉक्टर ओरडले. “आत्ता तर चालली होती! बिघडवलीत ना?”

“नाही होत!” ती हसत होती, रडत होती, आणि बटण दाबतच होती. “नाही होत, डॉक्टर, नाही होत सुरू!” शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. आनंद कशाचा, ते कुणालाच कळेना.

“बाबा, पाहिलंत?”

सासऱ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. गाडीकडे त्यांची पहिल्यापासून पाठ होती. हातात खिशातला स्क्रूड्रायव्हर होता, आणि विक्रीची पाटी एका स्क्रूवर तिरपी लोंबत होती.

“झालं का तुझं?” ते मागे न वळताच म्हणाले. “मग ये इकडे. माझा हात कापतोय, हा दुसरा तू काढ.”