नाव न विचारणारी भाषा

मच्छिंद्रनं पत्र्यावर ठोकलेला खिळा वाकडाच गेला. त्यानं तो उपटून अंगणात भिरकावला आणि दुसरा घेतला.

खाली दगडाबाई शिडी धरून उभी होती. "पत्र्याचा काय गुन्हा हाय?" ती म्हणाली.

सकाळच्या एसटीनं तो राहात्याला उतरला होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आल्या आल्या त्यानं टँकरवरून चार हंडे पाणी आणलं, मुंबईहून आणलेल्या औषधाच्या बाटल्या फळीवर लावल्या आणि छपरावर चढला. शेजारच्या रतनबाईनं नेहमीसारखं दगडाबाईच्या नशिबाचं कौतुक केलं. रतनबाईचा स्वतःचा मुलगा तर शेजारीच राहायचा, पण त्याला हंडा उचलताना कुणी पाहिलं नव्हतं.

राग कसला ते मच्छिंद्रनं ठोकता ठोकताच सांगितलं. मुंबईत तो नोकरीला होता त्या संस्थेतल्या कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा तो दोन वर्षं रचत होता. परवा भर बैठकीत साहेबानं त्या भाषेचं बाड टेबलावर आपटलं. असलं बेवारशी काम इथं चालणार नाही, म्हणाला.

मशीनला कधी भोकं पाडलेल्या कार्डांवरून मजकूर घ्यावा लागे, कधी फितीवरून. मच्छिंद्रच्या भाषेत मजकूर देणाऱ्या वस्तूला दोनच गोष्टी यायला हव्या होत्या: पुढची ओळ देणं, आणि ओळी संपल्या की तसं सांगणं. ज्या वस्तूला हे जमतं, ती आत. साहेबाचं म्हणणं, वस्तूनं आधी आपलं कूळ जाहीर केलं पाहिजे. त्या कुळात नाव नसेल तर काम कितीही चोख असो, ती बाहेर.

"मोटेला बैल जुंप नाहीतर रेडा," मच्छिंद्र वरून म्हणाला. "पाणी वर आलं की झालं. नाव कशाला विचारायचं, आई?"

"पोळ्याला रेड्याला पुरनपोळी घालत्यात व्हय?"

तो आणखीच भडकला. वर्षभर राबणाऱ्याला एक पोळी मिळाली तर काय बिघडतं, म्हणाला. मग साहेबाला लागोपाठ शिव्या. त्याला स्वतःला एक ओळ लिहिता येत नाही. रक्ताच्या माणसालाही तो पाणी विचारत नाही.

साहेब लई वाळलाय का, असं दगडाबाईनं मधेच विचारलं. माज तरी तसूभर कमी झालेला नाही, मच्छिंद्र म्हणाला.

तो खाली उतरला. तिनं भाकरी-पिठलं वाढलं. त्यानं घासही मोडला नाही. वरिष्ठांना पत्र लिहिणार होता. साहेबानं दुसऱ्यांचं काम कसं आपल्या नावावर खपवलं, सगळं पुराव्यानिशी. महिन्याभरात साहेब घरी बसेल.

दगडाबाईनं त्याच्यापुढचं ताट उचललं.

"आई म्हनतोस, समदं करतोस, म्हनून इतका वेळ गप ऐकलं," ती म्हणाली. "पाच वर्सामागं माझं औषद दिऊन तुला पयल्यांदा हितं कुनी धाडलं, इसरलास? त्यानंतर त्यो सोता एकदाबी आला न्हाई. मला काय कळत न्हाई? पन त्यो कागद लिवलास, तर ह्या उंबऱ्यात पाय ठिवू नको. तुजा सायेब माज्या पोटचा हाय. तू न्हाईस."