रंगुबाईचा सूर

तीस वर्षं कंपनीत प्रेस मशीन चालवून मारुतरावांचे कान गेले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गावी, कवठ्यात, घरामागच्या शेडमध्ये वाळक्या भोपळ्याची पहिली वीणा बांधली. तारा चढल्या, पण सूर लागला का, हे त्यांना कळेना. भजनी मंडळाचे हौसराव आप्पा वीणा न्यायला आले, तेव्हा मारुतरावांनी तार छेडून बायकोकडं पाहिलं. रंगुबाईनं हातानंच ‘नाही’ केलं. “तार उतरलेली हाय, आप्पा. तुम्ही छेडत ऱ्हावा,” ती म्हणाली. मग चारचौघांत कधी न गायलेल्या त्या बाईनं डोळे मिटून सूर धरला. मारुतरावांनी एक हात तिच्या गळ्यावर ठेवला, वीणेच्या दांडीला गाल टेकवला आणि दुसऱ्या हातानं खुंटी पिळली. दोन्हीकडची थरथर एक झाल्यावरच ते थांबले. “लागली!” आप्पा म्हणाले. मारुतराव हात काढू लागले, तर रंगुबाईनं तो तिथंच धरून अख्खा अभंग म्हटला.