आबांच्या नावाचा होम

शिमग्याचा होम पेटवायचा मान धाकूआबा घवाळींचा. पण गावाचा कार्बन-कोटा, म्हणजे धूर करायचा हक्क, शहरातल्या कंपन्यांना विकला गेल्यापासून तीन वर्षं होम पेटलाच नव्हता. "होम बघितल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही," असं आबा येईल-जाईल त्याला सांगायचे.

आज सकाळी देवळापुढे सगळं गाव जमलं. आंब्याचं झाड उभं करून भोवती गवत रचलं होतं. खांबावरच्या मीटरवर हिरवा दिवा लागला. परवानगी मिळाली!

आबांनी मशाल हातात घेतली. "एवढा कोटा आला कुठून रे, विलास?"

मुलगा वाकून गवत सारखं करायला लागला. तेवढ्यात आबांच्या मनगटावरचा पट्टा विझला. त्याच पट्ट्यावर त्यांना रेशन मिळायचं, औषध मिळायचं.

"माझा पट्टा बिघडला वाटतं."

"बिघडला नाही, आबा." विलास खाली बघत होता. "माणूस गेला की त्याचा उरलेला कोटा गावाला मिळतो. काल मी तुमच्या मृत्यूची नोंद केली."

आबांनी गावाकडे पाहिलं. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"गावकीत ठरलं," गावचे प्रमुख गावकर म्हणाले. "तुमचीच इच्छा होती ना?"

"अरे, पण उद्यापासून मी खायचं काय?"

एवढा विचार कुणी केलाच नव्हता. 

मग ढोल वाजले. कुणीतरी आबांचा हात धरून मशाल गवताला लावली. होम भडकला आणि रीतीप्रमाणे सगळ्या गावाने तोंडावर हात मारून बोंब ठोकली. विलासचा आवाज सगळ्यांत मोठा होता.