सुतकातली भाकर

मच्छिंद्र धावड्याहून जीप घेऊन आला तेव्हा डॉक्टर बद्रीनाथ एका म्हातारीच्या हातावर शीर शोधत होते. मच्छिंद्र त्यांचा गावाकडचा चुलतभाऊ. तो शाळेच्या दारातच, चुन्याच्या रेघेअलीकडे थांबला आणि तिथूनच म्हणाला, "दादा, मोठी आई गेली. पहाटंच."

डॉक्टरांनी मान हलवली. शीर सापडली. सुई टोचली, चिकटपट्टी लावली, सलाइनचे थेंब मोजले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की मच्छिंद्रची मोठी आई म्हणजे आपली आई.

मच्छिंद्रनं बाकीचं सांगितलं. माणसं जमली आहेत. अग्नी थोरल्यानंच द्यायचा. पाच वाजेपर्यंत कसंही करून थांबू, त्यापुढं थांबता येणार नाही. रस्ता चार तासांचा, म्हणजे निघायचं तर आत्ताच.

"एवढी बाटली संपू दे," डॉक्टर म्हणाले.

गोदावरीकाठच्या त्या गावात गॅस्ट्रोच्या साथीचा तो नववा दिवस होता. दवाखान्यात जागा उरली नाही म्हणून शाळा उघडली होती. वर्गांच्या फरशीवर त्रेचाळीस माणसं पडली होती आणि खिडक्यांच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. जोडीचे डॉक्टर स्वतःच जुलाबानं आडवे झाले होते. त्यांच्या जागी दुसरे उद्या येणार होते. ते कालही उद्याच येणार होते. उषाबाई सिस्टरांनी मात्र धीर करून सांगितलं, "तुम्ही जा साहेब, मी बघते." सांगताना त्या भिंतीला टेकल्या होत्या, आणि नाही टेकल्या तर पडतील हे दोघांनाही दिसत होतं.

बाटली संपली. तोवर पलीकडच्या वर्गात एकाचे हातपाय गार पडले. त्याला दोन्ही हातांना सुया लावाव्या लागल्या. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. डॉक्टरांनी जायचं नाही असं काही ठरवलं नाही. ते फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. चेहऱ्याकडे बघायचं त्यांनी चौथ्या दिवशीच सोडलं होतं. पोटाची कातडी चिमटीत धरायची, ती किती वेळानं बसते त्यावरून अंगात पाणी किती उरलंय ते बघायचं आणि पुढं सरकायचं.

एक वाजला तेव्हा मच्छिंद्र चुन्याची रेघ ओलांडून आत आला.

"मंग मी देऊ का अग्नी?"

"तूच दे," डॉक्टर म्हणाले.

जीप गेली.

पाच वाजता त्यांनी घड्याळ पाहिलं. आता पेटवलं असेल, असं मनाशी म्हणून ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. रडू येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आलं नाही. त्यांना स्वतःची भीती वाटली, पण तीही फार नाही. मग आतून उषाबाईंनी हाक मारली.

परत व्हरांड्यात आले तर पायरीवर चतुराबाई बसली होती, पदराखाली फडक्यात काहीतरी बांधलेलं घेऊन. परवा तिचा नवरा याच शाळेत गेला. डॉक्टरांनी त्याचे डोळे मिटले होते, त्याच्यासाठी आणलेली बाटली शेजारच्या नंदाबाईला लावली होती, आणि चतुराबाईशी एक शब्द बोलले नव्हते. नंदाबाई तिची सून. ती अजून आतच होती, पण आज उठून बसली होती.

चतुराबाईनं फडकं सोडलं. भाकर होती आणि फोडणी न दिलेलं वरण.

डॉक्टरांनी नको म्हटलं. साथ आहे, कुणी कुणाच्या घरचं खायचं नाही, अशी दवंडी त्यांनीच पहिल्या दिवशी गावात द्यायला लावली होती. नऊ दिवस ते बिस्किटांवर होते. गावातल्या भल्याभल्यांचे डबे त्यांनी परत पाठवले होते.

"दवंडी ऐकली म्या," चतुराबाई म्हणाली. "तशी बी सुतकाच्या घरची भाकर कोणी खात न्हाई. पण तुमची आई गेल्याचं सुनेनं सांगितलं. तुम्हाला चालती आता. तुमची चूल बी आज पेटायची न्हाई."

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. किती दिवसांनी कुणाचा तरी चेहरा ते पाहत होते. कपाळावरची कुंकवाची जागा मोकळी होती आणि डोळे अगदी कोरडे होते.

ते पायरीवर बसले. हात धुतले आणि घास मोडला. चावत राहिले. मग सवयीनं, रोग्याला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "मीठ घालायचं राहिलं का?"

चतुराबाईनं बोट वरणात बुडवून जिभेला लावलं.

"घातलंय. बराबर घातलंय," ती म्हणाली. "मला बी परवापासून कळून न्हाई राह्यलं."

डॉक्टरांनी दुसरा घास मोडला.